किंग एअर बी-२०० विमानातील फेरबदल : प्रकल्प नोंदी

११ जुलै २०२२, पुणे

आज प्रकल्पाला क्रमांक मिळाला आणि काम अधिकृतपणे सुरू झाले. विमान किंग एअर बी-२०० जातीचे आहे : दोन पीटी६ए-४२ इंजिने, शेपटीच्या टोकावर आडवा पंख, कमाल उड्डाणवजन ५,६७० किलो. १९८०च्या दशकात बांधलेले हे विमान परदेशात बरीच वर्षे उडून भारतात आले, आणि सध्याचे त्याचे तिसरे मालक आहेत. मालकांना त्यात दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली म्हणजे जुने ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारने विचारल्यावर विमानाची ओळख आणि उंची सांगणारी उपकरणे, काढून एडीएस-बी प्रक्षेपण करणारे नवे ट्रान्सपॉन्डर, जे रडारने विचारण्याची वाट न पाहता विमानाचे स्थान, वेग आणि उंची १०९० मेगाहर्ट्झवर स्वतःहून सांगत राहतात. दुसरी म्हणजे जीपीएसच्या स्थानातील चूक कमी करणाऱ्या आपल्या ‘गगन’ या उपग्रह प्रणालीच्या दुरुस्त्या वापरू शकणारा जीपीएस संग्राहक.

ट्रान्सपॉन्डर जे स्थान जगाला सांगणार ते त्याला याच संग्राहकाकडून मिळणार असल्यामुळे ही दोन कामे वेगळी धरता येत नाहीत. स्थानाबरोबर त्याच्या अचूकतेचा आणि विश्वासार्हतेचा दर्जाही प्रत्येक संदेशात जाते, त्यामुळे संग्राहक कमकुवत पडला तर ते लपून राहत नाही. एप्रिलमध्ये इंडिगोचे एटीआर ७२ विमान ‘गगन’च्या आधारे राजस्थानातील किशनगढला उतरले, तेव्हापासून लहान विमानांचे मालकही या सोयीबद्दल विचारू लागले आहेत.

१८ जुलै, नागपूर

सर्वेक्षणासाठी विमान अर्धा दिवस मिळाले. सकाळी ते उतरले आणि दुपारी ३ वाजता पुन्हा जाणार होते. सोबत आणलेल्या वायरिंग डायग्रामशी कॉकपिटमागील रॅक, ब्रेकरची पटले आणि नाकातील कप्पा ताडून पाहिला. ज्या दोन ब्रेकरच्या जागा आरेखनात रिकाम्या होत्या त्यांतली एक प्रत्यक्षात वापरात आहे. प्रवासी कक्षातल्या चार्जिंगच्या सॉकेटला तिथून वीज दिलेली आहे आणि त्याची नोंद लॉगबुकात एका ओळीची आहे.

शिडी लावून विमानाच्या पाठीवरील सर्व अँटेनांची छायाचित्रे काढली आणि प्रत्येकाचे अंतर मोजले. पुढून मागे जाताना पहिल्या व्हीएचएफ संचाचा, म्हणजे वैमानिकाच्या संभाषणाच्या रेडिओचा, मग जुन्या जीपीएसचा आणि प्रवासी कक्षाच्या मागच्या भागात पात्याच्या आकाराचा आणखी एक असे तीन अँटेना आहेत. तिसऱ्याच्या जागी आरेखनात जुन्या हवाई दूरध्वनीचा अँटेना दाखवला असून तो संच निष्क्रिय केल्याचा शेरा आहे. छताचे आतले अस्तर उघडण्याइतका वेळ नव्हता.

२२ जुलै, पुणे

जीपीएस अँटेनाची जागा ठरवण्यात पूर्ण दिवस गेला. जीपीएसचा संकेत जमिनीपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याची शक्ती सुमारे उणे १३० डीबीएम असते, म्हणजे एका वॅटचा दहा हजार लाख कोटीवा भाग. त्याच विमानावर व्हीएचएफ संच १६ वॅटने बोलतो आणि ट्रान्सपॉन्डरच्या स्पंदांची कमाल शक्ती शेकडो वॅट असते. एवढ्या गोंगाटात तो संकेत ऐकायचा, तर अँटेनासाठी आकाश मोकळे हवे, शेपटीची सावली नको आणि शेजारी कोणी मोठ्याने बोलणारे नको.

जुन्या जीपीएसची जागा वापरता आली असती तर नवे छिद्र टळले असते, पण ती व्हीएचएफच्या फार जवळ आहे. मी सुचवलेली जागा दोन फ्रेमच्या मध्ये, कक्षाच्या मध्यभागाच्या थोडी मागे आहे. ढाचा विभागातील सहकारी तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात, कारण हे दाबयुक्त कवच आहे. आत-बाहेरच्या दाबाचा फरक ६.५ पीएसआयपर्यंत जातो आणि प्रत्येक उड्डाणात कवच फुगते आणि बसते. तिथे छिद्र पाडायचे म्हणजे आतून डबलर, म्हणजे मजबुतीचा जोडपत्रा, लावायचा, रिव्हेटच्या ओळींचा हिशेब द्यायचा आणि पुढील तपासण्यांचे अंतर ठरवून द्यायचे. त्यांनी जागा ९० मिलिमीटर पुढे घ्यायला सांगितली आणि मी ती मान्य केली.

३ ऑगस्ट

विद्युतभाराचे विश्लेषण झाले. बी-२००वर २५० अँपिअरची दोन जनरेटर आहेत, त्यामुळे सर्वसाधारण स्थितीत काही अडचण नाही. खरा प्रश्न दोन्ही जनरेटर गेल्यानंतरच्या ३० मिनिटांचा असतो. बॅटरी ३४ अँपिअर-तासांची आहे. ती जुनी होते, थंडीत मंदावते, म्हणून ७५ टक्केच हिशेबात धरली, म्हणजे २५.५ अँपिअर-तास. अर्ध्या तासात ती संपवायची तर सरासरी ५१ अँपिअरच्या आत राहायला हवे. जुन्या विश्लेषणात आणीबाणीचा भार ३८ अँपिअर लिहिलेला होता, परंतु हँगरमधील सहकाऱ्यांनी माझ्या विनंतीवरून तो क्लॅम्प मीटरने मोजला तेव्हा ४४.२ आला. मधल्या वर्षांत कोणीतरी भार वाढवला आणि कागद तसाच राहिला. नव्या उपकरणांसह तो ४५ होतो आणि मर्यादेत बसतो. तरीही मी अहवालात मोजलेला आकडाच घेतला आहे आणि जुन्या विश्लेषणाचा आधार घेतलेला नाही, हे स्पष्ट लिहिले आहे.

१२ ऑगस्ट

प्रमाणन आराखडा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे पाठवला. दाबयुक्त कवचाला छिद्र पडत असल्यामुळे आणि उड्डाणपुस्तिकेला पुरवणी लागणार असल्यामुळे हा फेरबदल मोठा ठरतो, याबद्दल आमच्यात दुमत नव्हते. प्रत्येक नियमासमोर तो पाळला असल्याचे कसे दाखवणार ते लिहावे लागते : आरेखनाने, विश्लेषणाने, जमिनीवरील चाचणीने की उड्डाणचाचणीने. परस्पर व्यत्ययाच्या चाचणीचा तक्ता मी याच वेळी तयार केला. त्यात उभ्या रकान्यात बाधा आणू शकणारी उपकरणे आणि आडव्या ओळीत बाधा होऊ शकणारी उपकरणे घेतली. दोन्ही व्हीएचएफ संच, दोन्ही ट्रान्सपॉन्डर, डीएमई (जमिनीवरील केंद्रापासूनचे अंतर मोजणारा रेडिओ), हवामान रडार, रेडिओ उंचीमापक, इतकेच काय विंडशील्ड तापवणारे नियंत्रकही त्यात आले.

५ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर वायरिंग डायग्रामची दुसरी आवृत्ती निघाली. संग्राहकाकडून दोन्ही ट्रान्सपॉन्डरना स्थान पाठवणाऱ्या जोडतारांवर परिरक्षक जाळी आहे आणि ती दोन्ही टोकांना भूसंपर्कित करायची आहे. जाळीपासून कनेक्टरच्या कवचापर्यंतची जोडतार (तिला आम्ही शेपटी म्हणतो) जितकी आखूड तितके संरक्षण चांगले, म्हणून तिची कमाल लांबी टिपेत घातली. अशी टीप नसली की प्रत्येक तंत्रज्ञ आपापल्या सवयीने लांबी ठेवतो आणि मग दोन विमानांचे वर्तन वेगळे निघते. हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, पुण्यातच फळीवर बांधायला दिला आहे.

१९ सप्टेंबर, नागपूर

विमान तीन आठवड्यांसाठी हँगरमध्ये आले. खुर्च्या, कडेची पटले आणि छताचे अस्तर काढले. माझ्या आरेखनातील मार्गावर एका ठिकाणी वातानुकूलनाची नळी आडवी आली. मूळ पुस्तिकेत ती ५० मिलिमीटर वर आहे, इथे कधीतरी खाली सरकवलेली दिसते. हार्नेस तिथून फिरवायला १८० मिलिमीटर जास्तीची लांबी लागली, आणि सुदैवाने आम्ही ३०० राखली होती.

२६ सप्टेंबर

कवचाला छिद्र पडले. ढाचा विभागातील सहकारी स्वतः उपस्थित होते. कड घासून गुळगुळीत केल्यावर भिंगातून तपासली, रासायनिक लेप दिला आणि मग डबलर बसवला. मला यातले फारसे करायचे नसते, तरीही मी अशा वेळी शेजारी उभा राहतो. माझ्या कागदावरच्या एका वर्तुळामुळे चाळीस वर्षे अखंड राहिलेले कवच कापले जाते, तेव्हा तिथे हजर राहणे मला आवश्यक वाटते.

४ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज हँगरमधील हत्यारांची पूजा झाली. क्रिम्पिंगच्या पकडी, टॉर्क पाने, मिलिओहम मीटर आणि रॅम्प चाचणी संच कामाच्या बाकावर मांडले होते. बाक विमानापासून मुद्दाम दूर ठेवला होता, कारण उघड्या विमानात झेंडूची पाकळीही जाता कामा नये. पूजेनंतर ज्येष्ठ तंत्रज्ञांनी, ज्यांना सगळे काका म्हणतात, प्रत्येक हत्यार मोजून परत सावलीफळीवर, म्हणजे प्रत्येकाची आकृती रंगवलेल्या फळीवर, लावले आणि मगच इतरांना हात लावू दिला.

७ ऑक्टोबर

जीपीएस अँटेनाचा पाया आणि कवच यांच्यातील रोध १.१ मिलिओहम आला, मर्यादा २.५ आहे. यंत्रणेला प्रथमच वीज दिली.

रॅम्प चाचणी संचावर ट्रान्सपॉन्डरचा २४ बिटांचा पत्ता चुकीचा दिसला. प्रत्येक विमानाला असा एकमेव पत्ता मिळतो आणि भारतीय विमानांचे पत्ते सोळा-आधारी पद्धतीत (० ते ९ आणि A ते F) ८००००० पासून ८३FFFF पर्यंतच्या गटात येतात. अधिकृत पत्रावर तो सोळा-आधारी सहा अंकांत होता आणि उपकरणाच्या पुस्तिकेतील पिनांचा तक्ता आठ-आधारी आठ अंकांत. रूपांतर मी हाताने केले होते आणि पाचव्या अंकाच्या जागी चूक झाली होती. चुकीचा पत्ताही भारतीय गटातलाच निघाला, म्हणूनच तो वरवर पाहताना खटकला नसता. परंतु तो दुसऱ्या एखाद्या विमानाचा असू शकतो, आणि एकाच पत्त्याची दोन विमाने आकाशात असली तर जमिनीवरील यंत्रणेला ती वेगळी ओळखता येत नाहीत. एक पिन हलवून दुरुस्ती झाली. आरेखनात आता पत्ता दोन्ही पद्धतींत आणि बिटांच्या ओळीतही छापला आहे, आणि रूपांतर दुसऱ्या अभियंत्याने स्वतंत्रपणे करून सही करायची आहे.

चाचणीच्या वेळी ट्रान्सपॉन्डरच्या अँटेनांवर टोप्या घातल्या होत्या, हेही नोंदवतो. हवेच्या दाबावरून वेग आणि उंची मोजणाऱ्या पिटो-स्टॅटिक नळ्यांतून कृत्रिम दाब देऊन विमान २०,००० फुटांवर असल्याचे भासवले जाते. ते प्रक्षेपण मोकळे बाहेर गेले, तर नागपूरवरून जाणाऱ्या खऱ्या विमानांच्या टक्कर-इशारा यंत्रणेला समोर विमान असल्याचा भास होऊ शकतो.

११ ऑक्टोबर

पत्र्याच्या छताखाली उपग्रह दिसत नाहीत, म्हणून विमान बाहेर ढकलले. तीन मिनिटांत संग्राहकाला स्थान मिळाले आणि थोड्या वेळाने १२८ क्रमांकाचा उपग्रह, म्हणजे ८३ अंश पूर्वेवरील जीसॅट-१०, पडद्यावर आला. नागपुरातून तो दक्षिणेकडे सुमारे ६५ अंश उंचीवर असतो. ‘गगन’च्या पंधरा संदर्भ केंद्रांपैकी एक इथे नागपुरातच आहे; त्यांची निरीक्षणे बंगळुरूला जातात, तिथे दुरुस्त्या निघतात आणि भूस्थिर उपग्रहावरून खाली येतात. भूचुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जात असल्यामुळे आपल्याकडील आयनावरण फार अस्वस्थ असते, आणि त्यासाठी या प्रणालीत आयनावरणाचे वेगळे प्रतिमान वापरावे लागले. इतके सगळे घडून आलेली दुरुस्ती आपण बसवलेल्या अँटेनातून आत येताना पाहिली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

१२ ऑक्टोबर

व्यत्ययाची चाचणी अनुत्तीर्ण झाली.

जीपीएसची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ आहे. रेडिओ संच बोलतो तेव्हा मूळ वारंवारतेच्या पटीतल्या क्षीण लहरीही निर्माण होऊ शकतात. व्हीएचएफवर १३१.२७५ला बोलले तर त्याची बारावी पट १५७५.३ होते आणि १२१.१७५ची तेरावी पट १५७५.२७५ होते, म्हणून १२१.१५०, १२१.१७५, १२१.२००, १३१.२५०, १३१.२७५ आणि १३१.३०० या सहा वारंवारतांवर प्रत्येकी ३५ सेकंद प्रक्षेपण करून पाहण्याची पद्धत आहे. पहिल्या संचावर १३१.२७५ला बटण दाबताच उपग्रहांची संकेतपातळी ४४ डेसिबल-हर्ट्झवरून ३० पर्यंत घसरली, बाविसाव्या सेकंदाला ‘गगन’ गेले आणि अठ्ठाविसाव्याला स्थानच गेले. १२१.१७५ला परिणाम याहून वाईट होता. दुसऱ्या संचावर घसरण कमी होती, पण होती.

ही वारंवारता प्रत्यक्षात कोण वापरणार, असे मालकांच्या प्रतिनिधींनी विचारले. वैमानिक कोणत्या वारंवारतेवर बोलेल हे आपण ठरवत नाही. ढगांतून उतरताना तो नियंत्रकाला उत्तर देईल, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याचे मार्गदर्शन जाता कामा नये.

१३ ऑक्टोबर

दिवसभर कारण शोधत होतो. प्रथम व्हीएचएफ संच बदलून पाहिला, फरक नाही. त्याच्या अँटेनावाटे निघणारी बारावी पट विश्लेषकावर मोजली, तर ती उत्पादकाच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली होती. व्हीएचएफचा अँटेना काढून त्या जागी कृत्रिम भार, म्हणजे शक्ती बाहेर न सोडता शोषून घेणारे साधन, लावला, तेव्हा बाधा पूर्ण थांबली. म्हणजे संचाच्या पेटीतून किंवा तारांतून काही गळत नव्हते, अँटेनातून बाहेर पडणारी शुद्ध लहर बाहेर कुठेतरी बिघडत होती. सैल किंवा गंजलेला जोड असे करू शकतो, म्हणून पाठीवरील सर्व अँटेनांचे बॉन्डिंग, म्हणजे कवचाशी असलेल्या विद्युत जोडाचा रोध, मोजले. सगळे २ मिलिओहमच्या आत निघाले.

दुपारी काका छत उघडलेल्या भागात वाकून पाहत होते. त्यांनी मला बोलावले आणि म्हणाले, “साहेब, हा टेलिफोनचा अँटेना बंद आहे म्हणता नं, मग याची केबल नवीन कशी?” मी वर चढून पाहिले. पात्यासारख्या त्या अँटेनाच्या तळाशी तुलनेने नवी केबल होती, छताच्या कडेने मागे गेलेली आणि मागच्या दाब-भिंतीतून पलीकडे शेपटीत उतरलेली. तिचे दुसरे टोक ईएलटीला, म्हणजे अपघाताच्या धक्क्याने आपोआप सुरू होणाऱ्या आपत्कालीन ट्रान्समीटरला, जोडलेले होते.

ईएलटीकडील कनेक्टर सोडवला आणि चाचणी पुन्हा केली. सहाही वारंवारतांवर संकेतपातळी १ डेसिबलच्या आत स्थिर राहिली. कनेक्टर लावला की बाधा परत येत होती, सोडवला की जात होती. चार वेळा करून पाहिले.

१४ ऑक्टोबर

काय घडत होते ते सविस्तर लिहून ठेवतो. ईएलटी बंद असला तरी त्याच्या शेवटच्या टप्प्यातील ट्रान्झिस्टर अँटेनाला जोडलेलाच असतो. अँटेना १२१.५ मेगाहर्ट्झसाठी जुळवलेला असल्यामुळे व्हीएचएफची लहर त्याच्यात सहज शिरते, ट्रान्झिस्टरच्या आतल्या जोडावर आदळून तिचा आकार बिघडतो, त्यातून बारावी-तेरावी पट निर्माण होते आणि त्याच अँटेनातून पुन्हा बाहेर पडते. हा अँटेना आमच्या नव्या जीपीएस अँटेनापासून १.१ मीटरवर होता. बंद उपकरण असे बोलू शकते हे या क्षेत्रात माहीत असलेले आहे आणि जीपीएस संग्राहकांच्या बसवणीपुस्तिकांमध्ये त्याबद्दल सूचना असते. मीही ती वाचलेली होती.

मग तक्त्यात ईएलटी का नव्हता? नेहमीच्या उड्डाणात प्रक्षेपण करणारी उपकरणे मी रकान्यात घेतली आणि जे गप्प असते ते वगळले. शिवाय आरेखनाप्रमाणे ईएलटीचा अँटेना शेपटीजवळ, पुष्कळ दूर होता. लॉगबुक पुन्हा काढून पाहिले. काही वर्षांपूर्वीची नोंद फक्त ईएलटी बदलल्याचे सांगते. अँटेना कुठे बसवला याबद्दल एक शब्दही नाही. मूळ जागी आज एक झाकणपट्टी आहे, जी मी जुलैमध्ये पाहिली होती आणि तिचा विचार केला नव्हता. ज्यांनी हे केले त्यांना दूरध्वनीचे तयार छिद्र मिळाले आणि ते त्यांनी वापरले.

हे लिहिताना दोष देण्याचा हेतू नाही. पण नोंद अपुरी असली की पुढच्या माणसाला विमान जसे नाही तसे दिसते, आणि मी त्या दृश्यावर विश्वास ठेवून कवचाला छिद्र पाडले.

१९ ऑक्टोबर

आढावा बैठक झाली. दोन मार्ग होते. पहिला, ईएलटीच्या केबलमध्ये १५७५ मेगाहर्ट्झ अडवणारी गाळणी बसवायची. काम दोन दिवसांचे आणि खर्च किरकोळ. दुसरा, अँटेना मूळ जागी, शेपटीजवळ परत न्यायचा. काम दहा-बारा दिवसांचे आणि केबल नवी. विमान जमिनीवर राहिले की मालकांचे उत्पन्न थांबते, त्यामुळे त्यांचा कल गाळणीकडे होता आणि तो समजण्यासारखा होता. गाळणी हा मान्य उपाय आहे, अनेक विमानांवर ती आहे.

मी दुसऱ्या मार्गासाठी आग्रह धरला, आणि त्याचे कारण जीपीएसपेक्षा ईएलटीचे होते. या उपकरणाचा उपयोग फक्त अपघातानंतर होतो. ट्रान्समीटर शेपटीत, अँटेना प्रवासी कक्षाच्या छतावर आणि मधली साडेतीन मीटरची केबल दाब-भिंतीतून गेलेली, अशी मांडणी असली आणि अपघातात शेपटी तुटून वेगळी झाली, तर सर्वप्रथम तीच केबल तुटेल. ट्रान्समीटर सुरू राहील, त्याची बॅटरी चालू राहील, आणि ४०६ मेगाहर्ट्झवरचा संकेत उपग्रहापर्यंत पोहोचणार नाही. बंगळुरूच्या मोहीम नियंत्रण केंद्रात त्या विमानाची नोंदच उमटणार नाही. म्हणून अँटेना ट्रान्समीटरच्या जवळ, ढाच्याच्या त्याच भागात असावा असे सांगितलेले असते. गाळणी लावली असती तर आमची चाचणी उत्तीर्ण झाली असती आणि हा दोष आम्ही पाहून तसाच ठेवला असता.

आमच्या अनुपालन तपासणी अभियंत्यांनी आणखी एक मुद्दा मांडला : गाळणीमुळे आपण आपत्कालीन उपकरणाच्या मार्गात एक नवा भाग घालतो आणि तो निकामी झाला तर कोणाला कळणार नाही. तासाभराच्या चर्चेनंतर मालकांचे प्रतिनिधी म्हणाले, “दिवाळीनंतर विमान मिळालं तरी चालेल, पण ते पूर्ण करून द्या.” त्यांचे हे शब्द मी इतिवृत्तात जसेच्या तसे घेतले आहेत.

२ नोव्हेंबर

अँटेना मूळ जागी गेला. तो भाग दाबयुक्त नसल्यामुळे ढाच्याचे काम हलके होते. नवी केबल ०.८ मीटरची आहे. छतावरील रिकामे छिद्र दाबयुक्त झाकणाने बंद केले, त्याचे वेगळे आरेखन आणि वेगळे विश्लेषण झाले, आणि दाबगळतीची चाचणी पूर्ण कवचावर पुन्हा घेतली.

४ नोव्हेंबर

व्यत्यय चाचणी पुन्हा घेतली. आता दोन अँटेनांमध्ये ४.६ मीटर अंतर आहे. केवळ या वाढलेल्या अंतराने पुनर्प्रक्षेपित संकेत १२ डेसिबलने घटतो, आणि व्हीएचएफपासूनचे अंतरही वाढल्यामुळे प्रत्यक्ष घट त्याहून जास्त असावी. सहाही वारंवारतांवर, दोन्ही संचांवर, ईएलटी जोडलेला असताना संकेतपातळीतील सर्वांत मोठी घसरण १ डेसिबल होती. ‘गगन’ एकदाही गेले नाही. ईएलटीची स्वचाचणी तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत, मनोऱ्याला कळवून घेतली.

१० नोव्हेंबर

उड्डाणचाचणी झाली, २ तास १० मिनिटांची. वेळ मुद्दाम दुपारी २ नंतरची घेतली, कारण त्या सुमारास आयनावरण सर्वांत दाट असते. ३० अंश कलून चारही दिशांना वळणे घेतली. शेपटीकडील एक-दोन उपग्रह क्षणभर गेले, स्थान अखंड राहिले. उभ्या दिशेतील संरक्षणपातळी, म्हणजे स्थानातील चूक ज्याच्या आत राहील अशी संग्राहकाने दिलेली सीमा, बहुतेक वेळ ५० मीटरच्या मर्यादेच्या निम्म्याजवळ होती. वैमानिकांनी उतरण्याच्या कोनात असताना सहाही वारंवारतांवर बोलून पाहिले. प्रत्यक्ष सेवेत या मार्गदर्शनाने उतरण्याची परवानगी मालकांना वैमानिकांच्या प्रशिक्षणासह स्वतंत्रपणे घ्यावी लागेल, हे उड्डाणपुस्तिकेच्या पुरवणीत पहिल्याच पानावर घातले आहे.

१८ नोव्हेंबर, पुणे

अंतिम कागदपत्रे गेली. पाठीवरील अँटेनांचे आरेखन विमान आज जसे आहे तसे नव्याने काढले असून त्यात प्रत्येक केबलचे दुसरे टोक कुठे जाते तेही दाखवले आहे. चार्जिंगच्या सॉकेटचा ब्रेकर आणि खाली सरकलेली वातानुकूलनाची नळी आमच्या फेरबदलाचा भाग नव्हती, तरी ती त्यात आली आहे. व्यत्यय चाचणीच्या आमच्या नमुना तक्त्यात ईएलटीचा रकाना कायमचा घातला, आणि सर्वेक्षणाच्या यादीतून ‘निष्क्रिय’ हा शेरा काढून त्या जागी ‘केबल शोधून खात्री केली’ असे लिहून सहीची जागा ठेवली.

याच मालकांचे दुसरे बी-२०० विमान २८ नोव्हेंबरला सर्वेक्षणासाठी येत आहे. या वेळी पूर्ण दोन दिवस मागितले आहेत, आणि पहिल्या सकाळी छताचे अस्तर उतरवायला काकांना सांगून ठेवले आहे.